डिफेंडरचे हायलाइट्स कुठे मिळतात?

खडूफळा

मंडळी, एक अडचण आहे. ती फुटबॉलची आहे की बापलेकाची, हे मलाही नीट सांगता येत नाही.

चिरंजीव तेरा वर्षांचे. चार वर्षं इथे पुण्यात एका अकादमीत जातात. आतापर्यंत पुढे खेळायचा, गोल मारायचा आणि गोल झाला की गुडघ्यांवर घसरत कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत जायचा. गेल्या महिन्यात कोचनी त्याला मागे घेतलं. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. मला फोनवर म्हणाले, "पळायचं कधी आणि थांबायचं कधी हे याला कळतं, म्हणून." मला ते कौतुक वाटलं, त्याला शिक्षा वाटली. घरी येऊन बूट गॅलरीत भिरकावले. "ज्यांना काही येत नाही त्यांना मागे ठेवतात. आणि माझा पाय उजवा आहे, मला डावीकडे का टाकलं?"

मी पडलो जुना मिलानवेडा. म्हटलं थांब, तुला आमच्या एसी मिलानचा, इटलीचा डिफेंडर पाओलो मालदिनी दाखवतो. यूट्यूब उघडलं. पाच मिनिटांचा व्हिडिओ, मागे लग्नाच्या वरातीसारखं संगीत, घसरून काढलेले चेंडू एकामागून एक. पोरगा दोन मिनिटांत उठून गेला. खरं सांगायचं तर त्याचं चुकलं नाही. त्या व्हिडिओत मालदिनी होता, पण तो मैदानावर जे करायचा ते नव्हतं. त्याच्या नावावर एक वाक्य फिरतं ना, की मला टॅकल करावं लागलं म्हणजे त्याआधीच माझं काहीतरी चुकलेलं असतं. आता न झालेल्या चुकांचा व्हिडिओ कोण काढणार?

तर प्रश्न असा, की डिफेंडर पोराला दाखवायचा कसा? झालेले गोल मोजता येतात. न झालेले कसे मोजायचे?

गोलपोस्ट

आकडे द्या की तोंडावर फेकून. मिलानसाठी ९०२ सामने. सेरी आ, म्हणजे इटलीच्या लीगमध्ये ६४७, हा विक्रम २०२० साली गोलकीपर बुफॉनने मोडेपर्यंत टिकला. सात वेळा लीग जिंकली, पाच वेळा युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग). १९८५ ते २००९, एकच क्लब.

खडूफळा

फेकले. "म्हणजे खूप वर्षं खेळला" एवढंच म्हणाला.

बोरीबंदर

एकाच ठिकाणी पंचवीस हंगाम? सरकारी नोकरीत तरी मध्ये एकदा गडचिरोलीला बदली होते.

पेठकर

दादा, पोराला घेऊन कोल्हापूरला या. शाहू स्टेडियमवर बसवा एक दिवस. आमच्याकडं फॉरवर्डनं गोल चुकवला तर लोक शिव्या देतात आन् चहाला जातात. बॅकच्या पायाखालनं चेंडू गेला तर गडी महिनाभर पेठेत तोंड लपवून फिरतोय. मग मला सांगा, मोठं काम कुणाचं?

एक धोका हाय. आमच्यात चेंडू थेट प्रेक्षकांत मारला तरी टाळ्या पडतात. त्यो तुमचा मालदिनी असलं काय करायचा न्हाई. पोरगं बिघडंल.

वसुधा_एन

फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, धाग्याचं नाव बघून आले. पण 'न झालेले गोल' वाचलं आणि राहवलं नाही.

मी कॉलेजात कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यावर. लोकांना चढाई आठवते, फार तर घोटा धरून केलेली पकड आठवते. आमच्या बाई मात्र सांगायच्या, चांगल्या कोपऱ्याकडे चढाई येतच नाही. ती आत येते, तुझ्याकडे बघते, एक पाय टाकून बघते आणि दुसऱ्या बाजूला वळते. दम संपतो आणि ती रिकामी परत जाते. गुणफलक जागचा हलत नाही. बघणारे म्हणतात, काहीच झालं नाही. झालेलं एवढंच असतं की तिने पाय टाकायच्या आधी मी अर्धं पाऊल सरकलेली असते. ते अर्धं पाऊल कोणी बघितलं तर शपथ!

कपाटात दोन बक्षिसं आहेत, दोन्ही पकडींची. त्या अर्ध्या पावलाचं एकही नाही.

गोलपोस्ट

ताई, दाखला झकास. पण कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो असते. फुटबॉलमध्ये विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, नव्वद मिनिटं रिकामा गेला तरी नियम काही म्हणत नाही.

वसुधा_एन

तो नियम आमच्या वेळी नव्हता हो. आम्ही संध्याकाळपर्यंत रिकाम्या चढाया खेळलोय. प्रेक्षक म्हणजे एक शिपाई आणि दोन कुत्री.

नाविल्योकाठ

मी २००८-०९ मध्ये शिकायला मिलानला होतो, त्यामुळे या धाग्यावर जरा पाय पसरून बसतो.

खडूफळा, आधी चिरंजीवांच्या उजव्या पायाचं बघू. मालदिनीसुद्धा जन्माने उजव्या पायाचाच. सुरुवातीला उजवीकडे खेळायचा, पण मिलानकडे त्या जागेवर टासोत्ती होता. म्हणून गडी डावीकडे गेला, आणि डावा पाय असा घासून तयार केला की पुढची पिढी त्याला डावखुराच समजत होती. हे पोराला सांगा, बाकी पुराण नंतर.

आता पुराण. वडील चेझारे मालदिनी, तेही डिफेंडर, तेही मिलानचे कर्णधार. २२ मे १९६३ ला वेम्ब्लीवर बेनफिकाला हरवून मिलानने पहिला युरोपियन कप जिंकला, तो चेझारेंनी उचलला. मोठा खेळाडू, पण एक खोड. गोलच्या तोंडाशी चेंडू पायात घेऊन ऐटीत खेळवत बसायचे, आणि मग कधी कधी फजिती. इटालियन पत्रकारांनी त्या फजितीला नावच पाडलं होतं, 'मालदिनाता'. आडनावाची अशी शोभा झालेल्या घरात पाओलो जन्मला, १९६८ साली. तो आयुष्यभर असा खेळला की त्या शब्दाची पुन्हा कोणाला गरज पडू नये.

२० जानेवारी १९८५, उदिने. मिलानचा एक खेळाडू जायबंदी झाला आणि कोच लिडहोमनी मध्यंतराला सोळा वर्षांच्या पाओलोला आत पाठवलं. वशिल्याचं तट्टू म्हणायला लोक टपलेले होतेच. सामना १-१ सुटला. त्यानंतर काही काळात लोकांनी म्हणणं बंद केलं.

मग १९८७ ला अरिगो साकी कोच म्हणून आले. साकींची एक गोष्ट पोराला नक्की सांगा. ते सरावात एका बाजूला पाच जण ठेवायचे. गोलकीपर आणि पुढे टासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी. समोर दहा जण, त्यात गुलिट आणि व्हान बास्टन. पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा. चेंडू गेला की पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात. साकी सांगतात, गोल कधीही झाला नाही. दहा जणांत जगातले सर्वोत्तम दोन होते. त्या पाचांना एकमेकांपासून किती अंतरावर उभं राहायचं ते माहीत होतं, बस्स.

कातेनाचो_काका

नाविल्योकाठ, लेख चांगला. पण तुम्हीच तुमच्या पायावर धोंडा मारून घेतलात. ते चौघं होते. मधे उभा राहून हात वर करणारा, ओळ पुढे काढणारा, ऑफसाइडचा सापळा लावणारा होता फ्रांको बारेसी. मालदिनी त्या यंत्राचा एक देखणा भाग. बारेसीशेजारी तर मीसुद्धा बरा दिसलो असतो.

आणि देखणा हा शब्द मुद्दाम वापरलाय. निम्मी कीर्ती चेहऱ्याची आहे.

वसुधा_एन

आत्ताच गुगल केलं. काकांच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत.

बोरीबंदर

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ताई आता फुटबॉल बघायला लागणार.

नाविल्योकाठ

काका, बारेसीबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण तुमच्या यंत्रातून बारेसी काढून बघू या काय उरतं. तसं खरोखर झालेलं आहे.

१८ मे १९९४, अथेन्स, युरोपियन कपची फायनल. समोर कोच क्रॉयफचं बार्सिलोना, पुढे ब्राझीलचा रोमारियो आणि स्टॉइचकोव्ह. मिलानचे बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही निलंबित. मधल्या दोन्ही भिंती गायब. सगळे म्हणत होते मिलान फुटणार. मालदिनीला डावीकडून उचलून मधे आणलं, फिलिपो गाल्लीच्या शेजारी. निकाल मिलान ४, बार्सिलोना ०. लोकांना सावितचेविचचा लॉब आठवतो, मासारोचे दोन आठवतात, देसाईचा आठवतो. रोमारियो त्या रात्री काय करत होता, आठवतं का कोणाला?

बरोबर दोन महिन्यांनी, १७ जुलै, पासाडेना, वर्ल्ड कपची फायनल, इटली विरुद्ध ब्राझील. पुन्हा समोर रोमारियो, जोडीला बेबेतो. इटलीचा कोस्ताकुर्ता पुन्हा निलंबित, मालदिनी पुन्हा मधे. बारेसी होता, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनासुद्धा झाला नव्हता. १२० मिनिटं, ०-०. त्या काळातला सर्वात धोकादायक फॉरवर्ड, दोन फायनल, मिळून २१० मिनिटं, गोल शून्य. आणि हा माणूस दोन्ही वेळा आपल्या नेहमीच्या जागेवर नव्हता.

रोमारियोने गोल केला तो शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये. तिथे डिफेंडरला मधल्या वर्तुळात उभं राहून बघण्यापलीकडे काही करता येत नाही.

कातेनाचो_काका

हं. अथेन्सचा मुद्दा मान्य. पासाडेनाला मात्र सामन्यातला सर्वोत्तम माणूस बारेसीच होता, हे लिहून ठेवा. पहिली पेनल्टी त्याने आकाशात मारली तरी.

बोरीबंदर

अवांतर: पासाडेनाची फायनल आपल्याकडे रात्री एकला सुरू झाली होती. दादरला मामाकडे आम्ही नऊ जण एका खोलीत. मामी उठू नये म्हणून आवाज बंद. पेनल्टी आल्या तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजत आले होते. इटलीच्या बॅजिओने मारला, चेंडू वर गेला, आणि मामा एवढ्या जोरात "अरे देवा" म्हणाला की मामी उठली. तिला वाटलं आजोबा गेले. आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "मी नाही, इटली."

गोलपोस्ट

आजोबांना दंडवत.

मालदिनीचं राष्ट्रीय संघातलं नशीब तर बघवत नाही. १९९०, नेपल्स, सेमीफायनल, अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर. १९९४, फायनल, पेनल्टीवर. १९९८, क्वार्टरफायनल, फ्रान्सकडून पेनल्टीवर, आणि तेव्हा कोच होते खुद्द वडील. मग युरो २००० ची फायनल, रॉटरडॅम, पुन्हा फ्रान्स. इटली १-० पुढे, राखीव बाकावरची मंडळी धावायच्या तयारीत उभी, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत विल्तोरने बरोबरी केली. मग जादा वेळेत त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे पहिला गोल झाला की सामना तिथेच संपला, खेळ खलास. २००२, कोरिया, पुन्हा गोल्डन गोल. १२६ सामने, कर्णधार म्हणून किती वर्षं, आणि एकही मोठा चषक नाही. तो निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी इटली वर्ल्ड कप जिंकली. कशावर? पेनल्टीवर!

पेठकर

ह्याला म्हणतात साडेसाती.

खडूफळा

कोरियाच्या सामन्यावर थोडं लिहितो, कारण तो माझ्या मनातून जात नाही. १८ जून २००२. आपल्याकडे संध्याकाळी पाचला होता. मी तेव्हा नवीन नोकरीत, पोटदुखीचं कारण सांगून घरी आलो होतो.

११७ वं मिनिट. डावीकडून क्रॉस आला. कोरियाचा आन जुंग-ह्वान उडाला आणि त्याच्यासोबत मालदिनी उडाला, पण किंचित उशिरा. हे 'किंचित' म्हणजे वसुधाताई म्हणतात ते अर्धं पाऊल. आयुष्यभर जे अर्धं पाऊल त्याने आधी टाकलं, ते त्या दिवशी एकदा नंतर पडलं. बॉल आत, सामना संपला, आणि इटलीसाठी त्याचा तो शेवटचा सामना ठरला. तेव्हा तो चौतीस वर्षांना आठवडाभर कमी होता.

त्याआधीच्या ११६ मिनिटांत त्याने काय काय अडवलं, हे कोणी विचारत नाही. आणि याच आनने सामन्याच्या सुरुवातीला पेनल्टी वाया घालवली होती! फॉरवर्डला दुसरी संधी मिळते.

माझं पोटही त्या रात्री खरंच दुखलं.

मांडवी

मी गोव्याहून. इटलीपर्यंत जायला कशाला हवं रे? आमच्या डेंपो क्लबच्या संघात मागे महेश गवळी आणि समीर नाईक असायचे. डेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग धरून पाच वेळा जेतेपद मिळवलं. आज फातोर्ड्याच्या बाहेर कोणालाही विचार, रँटी मार्टिन्सचे गोल घडाघडा सांगेल. बेटोचे पास सांगेल. गवळीबद्दल विचार, तर मान हलवून "बरो खेळटालो" म्हणेल आणि गप्प बसेल. पण त्या मान हलवण्यात बरंच काही असतं हां. गोव्यात उगाच कोणी कोणासाठी मान हलवत नाही.

मी गवळीला मैदानाच्या अगदी कडेला बसून पाहिलंय. चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असतानाही तो बोलत असायचा. हात दाखवून एकाला दोन पावलं आत घ्यायचा, दुसऱ्याला मागे. टीव्हीवर हे दिसतच नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे पळतो. खडूफळा, तुझ्या मुलाला टीव्ही नको, मैदान दाखव. लहानसा सामना चालेल. फक्त चेंडूकडे बघायचं नाही असं सांग.

गोलपोस्ट

+१. चेंडूकडे न बघणं हीच खरी अट. दहा मिनिटं एकाच खेळाडूवर नजर ठेवायची. पहिल्यांदा केलं तेव्हा मला तिसऱ्या मिनिटाला झोप आली होती, सातव्या मिनिटाला जाग आली.

खडूफळा

मांडवी, गोलपोस्ट, ही युक्ती पटली. १९९४ ची वर्ल्ड कप फायनल पूर्ण मिळतेय. रविवारी बसवतो पोराला. "तीन नंबरकडे बघ, बाकी काही नाही."

कातेनाचो_काका

तोवर माझी एक शंका. मालदिनी एवढा थोर, तर बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब, का नाही? १९९४ ला तिसरा, २००३ ला तिसरा. डिफेंडरांपैकी बेकेनबावर, झामर आणि २००६ ला कानावारो. म्हणजे कानावारोला मिळाला, याला नाही.

नाविल्योकाठ

काका, तुम्ही बारेसीचे भक्त असून बॅलन डी'ऑरचा दाखला देता? बारेसीला तरी कुठे मिळाला! पाच दशकांत तीन डिफेंडर, यात डिफेंडरांचा काय दोष? मत देणारेसुद्धा यूट्यूबच बघतात हो, फक्त तेव्हा त्याला टीव्ही म्हणायचे.

१९९३-९४ ला मिलानने ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल मारले आणि लीग जिंकली, कारण खाल्ले फक्त १५. त्या वर्षीचा बॅलन डी'ऑर स्टॉइचकोव्हला. तोच, जो अथेन्सला ४-० हरला.

पेठकर

काका आता दोन दिवस येणार न्हाईत.

कातेनाचो_काका

आहे मी. चहा पीत होतो.

वसुधा_एन

नाविल्योकाठ, तुम्ही त्या वर्षी तिथेच होतात म्हणालात. त्याचा शेवटचा सामना बघितला का?

नाविल्योकाठ

बघितला, आणि ती काही गोड आठवण नाही.

२४ मे २००९, सान सिरो, समोर रोमा. मित्राने कुठून तरी दोन तिकिटं मिळवली होती, खूप वरची. मिलान ३-२ ने हरलं, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. सगळे शेवटच्या फेरीसाठी थांबलेले. चाळीस वर्षांचा माणूस मैदानाला चक्कर मारतोय, अख्खं स्टेडियम उभं. तो दक्षिणेच्या टोकाकडे पोचला, जिथे कट्टर पाठीराखे, अल्ट्रा, बसतात. तिथून शिट्ट्या सुरू झाल्या. आपल्याकडे शिट्टी म्हणजे खुशी, तिथे शिट्टी म्हणजे हुर्यो. मला पहिल्यांदा कळलंच नाही, मीपण तोंडात बोटं घालून शिट्टी मारणार होतो, मित्राने हात धरला. मग त्यांनी बारेसीच्या सहा नंबरच्या जर्सीचा भलामोठा पडदा उलगडला. कर्णधार एकच, बारेसी, असा घोष.

कारण काय, तर २००५ ला इस्तंबूलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध ३-० पुढे असून हरल्यावर अल्ट्रांनी संघाकडे जाब मागितला होता, आणि हा त्यांच्यापुढे झुकला नाही. चार वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं. त्याने हात वर करून टाळ्या वाजवल्या, पण चेहऱ्यावरचे भाव मला त्या उंचीवरून ओळखू येत नव्हते. नंतर म्हणाला, मी त्यांच्यातला नाही याचा मला अभिमान वाटतो.

गंमत म्हणजे पुढच्या रविवारी, ३१ मेला फ्लोरेन्सला त्याचा खरोखरचा शेवटचा सामना झाला. तिथे समोरच्या संघाचं अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

कातेनाचो_काका

बारेसीचा भक्त म्हणून सांगतो, तो पडदा मला आजही लाजिरवाणा वाटतो. बारेसीला स्वतःलाही तो आवडला नसणार.

बोरीबंदर

इस्तंबूल म्हणू नका. आपल्याकडे सव्वाबाराला सुरू झाला सामना. मी चहाचं भांडं गॅसवरून उतरवत होतो, बाहेरून ओरडा आला, मालदिनीचा गोल! पहिल्याच मिनिटाला, पिर्लोच्या फ्री किकवर. कारकिर्दीत मिलानसाठी ३३ गोल, त्यातला एक युरोपियन फायनलमध्ये, वयाच्या छत्तीसाव्या वर्षी, आणि तो मी चहा गाळताना गमावला. मध्यंतराला ३-० झाल्यावर झोपलो. सकाळी पेपर उघडला तर वाटलं छपाईची चूक आहे.

गोलपोस्ट

म्हणजे तू मालदिनीचा गोलही नाही बघितलास आणि लिव्हरपूलचे सहा मिनिटांतले तीनही नाही. फायनल बघितली असं कोणाला सांगू नकोस.

तरी २००७ ला अथेन्समध्येच परतफेड झाली. लिव्हरपूल १, मिलान २, आणि एकोणचाळिशीला आलेल्या मालदिनीने कप उचलला.

मांडवी

बापाने १९६३ ला इंग्लंडमध्ये उचलला, लेकाने २००३ ला इंग्लंडमध्येच, ओल्ड ट्रॅफर्डवर. दोघं कर्णधार. चाळीस वर्षांचं अंतर. हे घराणंच वेगळं.

वसुधा_एन

मग तिसरी पिढी?

मांडवी

आहे की. डॅनिएल. मिलानने पाओलोची तीन नंबरची जर्सी निवृत्त केली, ती फक्त त्याच्या मुलांसाठी राखून. डॅनिएलने २०२० ला मिलानकडून पदार्पण केलं, पण तीन नंबर काही घेतला नाही. आणि खरी मेख अशी, की तो डिफेंडर नाही. पुढे खेळतो.

पेठकर

म्हंजे मालदिनीच्या घरात पण पोरगं मागं खेळायला तयार न्हाई. खडूफळा, सोडा नाद.

नाविल्योकाठ

पेठकर, हहपुवा.

पण एक जुळून आलंय. डॅनिएलने इटलीकडून पहिला सामना खेळला १४ ऑक्टोबर २०२४ ला. कुठे? उदिने. जिथे बाप सोळाव्या वर्षी मध्यंतराला आत गेला होता.

खडूफळा

मंडळी, रविवारचा अहवाल.

पोराला बसवलं. फायनल लावली. चित्र जुनं, धुरकट. सांगितलं, "चेंडू विसर. निळ्या जर्सीतला तीन नंबर. फक्त तो." पोरगा बिचारा इमानदारीने बघत होता. मी मधे मधे निरूपण करतोय, बघ कसा उभा राहतो, बघ अंग कसं तिरकं ठेवतो, समोरच्याला कडेला कसा ढकलत नेतो, याला म्हणतात मालदिनी. वीसेक मिनिटं गेली. मग कॅमेरा जवळ आला.

"बाबा, याच्या पाठीवर बेनारीवो लिहिलंय."

त्या वर्ल्ड कपला इटलीत तीन नंबर बेनारीवोकडे होता. मालदिनीचा पाच. तीस वर्षांच्या भक्तीचं हे फळ.

पोरगा एवढा हसला की सोफ्यावरून खाली आला. मग म्हणाला, पुन्हा लावा. पाच नंबर. आणि या वेळी माझं काही न ऐकता बघत बसला. मधेच एकदा म्हणाला, "हा सारखा मागे का बघतो?" मी म्हटलं, कोण मागून येतंय का ते बघायला. तो म्हणाला, "नाही. जिथे कोणी नाहीये तिथे बघतोय." मी गप्प बसलो. माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं आणि बहुधा त्याला ते नको होतं.

अर्धा तास बघितलं. मग जेवायला उठला. बूट गॅलरीतून आत आलेत, धुतलेले नाहीत.

गोलपोस्ट

१९९० ला तर त्याचा नंबर सात होता. तो सामना लावला असतात तर चिरंजीवांनी दुसऱ्याच कोणाची दीक्षा घेतली असती.

कातेनाचो_काका

पाचच्या शेजारी सहा नंबर होता. त्याच्याकडेही बघायला सांगा कधीतरी.

वसुधा_एन

"जिथे कोणी नाहीये तिथे बघतोय." हे आमच्या बाईंना सांगायला हवं होतं.

पेठकर

पोराची मॅच कधी हाय? स्कोर टाका.

खडूफळा

आज सकाळीच झाली. ३-१ ने हरले. तीनही गोल उजव्या बाजूने झाले.

बोरीबंदर

आणि लेफ्ट बॅक काय म्हणतोय?

खडूफळा

तेच म्हणतोय. जेवायला बसल्यापासून चौथ्यांदा. "बाबा, तीनही उजवीकडून."

पेठकर

राइट बॅकचा बाप ह्या धाग्यावर न्हाई ना?